थंडीत अडलेले इंजिन : दोष शोधण्याची रीत

पौषातील पहाट असते. ग्वाल्हेर-मुरैना भागात चंबळेवरून येणारा वारा अंगाला झोंबत असतो. दूरच्या वस्तीवरून निरोप येतो की एका स्त्रीला प्रसूतिवेदना सुरू झाल्या असून तिला तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे. गावात एकच गाडी आहे. चालक किल्ली फिरवितो, इंजिन दोन-तीन वेळा कण्हते आणि थांबते. पुन्हा सेल्फ मारला जातो, पुन्हा तेच. भोवती जमलेल्यांपैकी एक जण ॲक्सिलरेटर दाबावयास सांगतो, दुसरा चोक ओढावयास सांगतो, तिसरा गाडी ढकलण्यासाठी माणसे गोळा करतो. दहा मिनिटांत बॅटरीतील उरलीसुरली शक्ती संपते. सुरुवातीस पाच मिनिटांत दूर होऊ शकला असता असा लहानसा दोष आता गाडी पूर्णपणे अडवून बसतो.

थंडीच्या दिवसांत असा प्रसंग अनेक ठिकाणी घडतो. त्यात यंत्राचा दोष थोडा आणि उतावीळपणाचा दोष अधिक असतो. इंजिन थंडीत का अडते, ते अडल्यावर कोणत्या क्रमाने पाहावे, काय करावे आणि काय कदापि करू नये, याची माहिती गाडी चालविणाऱ्या व गाडीवर अवलंबून असणाऱ्या प्रत्येकास असणे उपयुक्त आहे.

ही माहिती केवळ थंड प्रदेशापुरती आहे असेही नाही. गोव्यात जानेवारीची पहाट साधारण वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बेळगाव व हैदराबाद येथे पारा पंधराच्या जवळपास जातो. इंदूरला तो दहाच्या आसपास येतो, ग्वाल्हेरला अनेकदा पाच अंशांच्या खाली उतरतो, तर पचमढीला कधी कधी शून्यापर्यंत पोहोचतो. परंतु किनाऱ्यावरची गाडी महाबळेश्वरला मुक्कामास जाते, मालमोटार हिमाचल प्रदेशापर्यंत माल नेते. शिवाय बॅटरी जीर्ण झाली असेल, तर पंधरा अंशांची थंडीही तिला पुरेशी असते.

देणे कमी, मागणे अधिक

इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. बाहेरून कोणीतरी ते प्रथम फिरवावे लागते. पूर्वी हे काम हॅण्डल मारून केले जाई. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर बसविण्यात आला आणि पुढे हॅण्डलाची जागा बॅटरीने घेतली. म्हणजे आजच्या गाडीत पहिला धक्का देण्याची सारी जबाबदारी बॅटरीवर असते.

बॅटरीत वीज साठविलेली असते असे बोलण्याच्या ओघात म्हटले जाते. वस्तुतः शिशाच्या पट्ट्या व सौम्य गंधकाम्ल यांच्यातील रासायनिक क्रियेतून ती वीज निर्माण होत असते. थंडीत ही क्रिया मंदावते. पंचवीस अंश तापमानाला एखादी बॅटरी जेवढा जोर देऊ शकते, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश जोरच ती शून्य अंशाला देऊ शकते. बॅटरी नवी असली तरीही हा नियम लागू होतो.

एकीकडे बॅटरीचे देणे असे घटते, तर दुसरीकडे इंजिनाचे मागणे वाढते. थंडीत काकवी जशी भांड्यातून चटकन ओतली जात नाही, तसेच इंजिनातील वंगणतेल घट्ट होते. दट्ट्या, बेअरिंगे व कणा या साऱ्यांना त्या घट्ट तेलातून हलावे लागते. तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. त्यांतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक सहज वाहते. मात्र आकडा लहान म्हणून कोणतेही तेल घालू नये. गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे.

देणे आणि मागणे यांच्यातील ही दरी लक्षात घेतली म्हणजे एक गोष्ट उमगते. थंडी सहसा नवा दोष निर्माण करीत नाही. आधीपासून असलेला दोष ती उघडा पाडते. सैल टर्मिनल, झिजलेला प्लग, कचरा साचलेला फिल्टर, जीर्ण बॅटरी हे सारे ऑक्टोबरातही तसेच होते. तेव्हा हाताशी असलेल्या जादा शक्तीच्या बळावर गाडी निभावून नेत होती. बॅटरीच्या बाबतीत तर खरे नुकसान उन्हाळाच करीत असतो. मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उष्णतेत तिच्यातील पट्ट्या झपाट्याने झिजतात. त्या झिजेची किंमत हिवाळा वसूल करतो. म्हणूनच सामान्यतः तीन ते पाच वर्षे चालणारी बॅटरी नेमकी थंडीच्या पहाटे दगा देते.

आधी ऐकावे, मग हात लावावा

इंजिन सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पुरेशा वेगाने फिरणे, योग्य प्रमाणात इंधन व हवा मिळणे, आणि ते इंधन पेटण्याजोगी ठिणगी वा उष्णता असणे. यांपैकी कशाची उणीव आहे हे ओळखण्यासाठी किल्ली फिरविताना होणारा आवाज हा सर्वांत चांगला मार्गदर्शक होय. तो ऐकताना पंखा, रेडिओ, दिवे बंद असावेत आणि आजूबाजूच्यांनी क्षणभर शांत राहावे.

पहिला प्रकार म्हणजे किल्ली फिरविल्यावर काहीच आवाज न होणे. अशा वेळी पुढचे दिवे लावून पाहावेत. दिवे लागलेच नाहीत किंवा अगदी मिणमिणते लागले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलचा सांधा तुटला आहे. दिवे लख्ख असूनही सेल्फ निःशब्द राहत असेल, तर दोष किल्लीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा स्टार्टरकडे जाणारी तार यांत असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज सेल्फ फिरत नाही. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत दांडा ‘पी’ किंवा ‘एन’ या स्थितीत असावा लागतो. चोरीप्रतिबंधक यंत्रणेचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही असे समजावे व दुसरी किल्ली वापरून पाहावी. या साध्या गोष्टी आधी पाहिल्याने पुष्कळ त्रास वाचतो.

दुसरा प्रकार टक्-टक्-टक् अशा जलद आवाजाचा. याचा अर्थ असा की स्टार्टरचे चुंबक ओढले जाते, परंतु मोटार फिरविण्याइतका प्रवाह मिळत नाही. बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार चढलेला असतो. ‘खट्’ असा एकच ठसठशीत आवाज होऊन पुढे काहीच घडत नसेल आणि दिवे चांगले असतील, तर स्टार्टर मोटारच अडकली असण्याचा संभव असतो.

तिसरा प्रकार म्हणजे इंजिन फिरते, पण जड गाडा ओढावा तसे रेंगाळत फिरते. थंडीत हा प्रकार सर्वाधिक आढळतो. बॅटरी, तिचे सांधे, इंजिनाला जोडलेली अर्थिंगची जाड तार आणि वंगणतेलाची जात या चार गोष्टी येथे तपासाव्यात.

चौथ्या प्रकारात इंजिन जोमाने फिरते, परंतु पेटत नाही. येथे बॅटरीला दोष देऊ नये. शोध इंधनाकडे आणि ठिणगीकडे वळवावा.

पाचव्या प्रकारात इंजिन पेटते आणि लगेच बंद पडते. इंधनाचा पुरवठा अपुरा पडणे, डिझेलच्या नळीत हवा शिरणे, हवेचा फिल्टर कोंदणे किंवा चोक अवेळी बंद करणे ही याची सामान्य कारणे होत.

आवाज कोणताही असो, एक नियम पाळावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे. सेल्फ मारताना बॅटरीतून शंभराहून अधिक ॲम्पिअर प्रवाह वाहत असतो. त्या प्रवाहाने स्टार्टर मोटार तापते व बॅटरी दमते. अर्धा मिनिट विश्रांती मिळाल्यास बॅटरी थोडीफार सावरते. तीन प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही, तर चौथा प्रयत्न करण्याऐवजी कारण शोधावे.

बॅटरीची परीक्षा

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात व प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. गाडी काही तास उभी असताना मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवीत असेल, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे ती जवळजवळ निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली समजावी. ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात, तिच्यात हायड्रोमीटर घालून आम्लाची घनता पाहता येते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १.२६ ते १.२८ च्या दरम्यान असते. पाच सेलांत घनता सारखी आणि एकातच ती बरीच कमी असेल, तर तो सेल निकामी झालेला असतो. अशी बॅटरी भारित करूनही फार काळ टिकत नाही.

सेल्फ मारताना व्होल्ट साडेनऊच्या खाली घसरत असतील, तर बॅटरी दुर्बल झाली आहे. याउलट इंजिन चालू असताना मीटरने सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवावेत. तसे नसेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा. अन्यथा नवी बॅटरी बसवूनही चार दिवसांनी तीच तक्रार उद्भवते.

टर्मिनलवरील क्षार काढण्यासाठी प्रथम ऋण टोकाची तार सोडावी, मग धन टोकाची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून त्याने टोके धुवावीत, कोरडी पुसावीत, घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. जोडताना धन टोक आधी व ऋण टोक शेवटी जोडावे. सोड्याचे पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नये. अवघ्या दहा मिनिटांच्या या कामाने थंडीतील अनेक तक्रारी मिटतात.

पेट्रोल गाडीतील दोष

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात मात्र पेट्रोलचा थोडाच अंश वाफ होतो आणि उरलेला भाग थंड भिंतींवर थेंबांच्या रूपाने बसतो. म्हणून सुरुवातीला अधिक पेट्रोल द्यावे लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चोक ओढून हवेची वाट अरुंद करण्यामागचा हेतू हाच असतो. इंजिन गरम होऊ लागताच चोक हळूहळू परत ढकलावा.

चोक ओढून वारंवार सेल्फ मारल्यास प्लग पेट्रोलने भिजतात व ठिणगी पडत नाही. पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला की हा प्रकार घडला असे समजावे. अशा वेळी चोक बंद करावा, पाच-दहा मिनिटे थांबावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून पाच-सात सेकंद सेल्फ मारावा. जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते व इंजिन बहुधा पेट घेते.

इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत चोक नसतो. इंजिनातील पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर संगणकाला माहिती देतो आणि त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण ठरते. हा सेन्सर बिघडून थंड इंजिनाला गरम समजू लागला, तर मिश्रण पातळ राहते व गाडी सकाळीच तेवढी अडते, दुपारी मात्र सुरळीत चालते. अशा गाडीत किल्ली ‘ऑन’ स्थितीत आणून दोन-तीन सेकंद थांबावे. मागील बाजूने पेट्रोल पंपाचा बारीक गुणगुण आवाज ऐकू आला पाहिजे. तो आला नाही, तर पंपाचा फ्यूज प्रथम पाहावा. ॲक्सिलरेटर न दाबता सेल्फ मारावा.

सी.एन.जी.वर चालणाऱ्या बहुतेक मोटारी थंड असताना आधी पेट्रोलवर सुरू होतात व मग वायूवर वळतात. वायू स्वस्त पडतो म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन् महिने रिकामी वा शिळ्या पेट्रोलवर ठेवली जाते आणि थंडीत नेमके तेथेच घोडे अडते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावाही शोषून घेते. म्हणून टाकीत थोडे ताजे पेट्रोल नेहमी असावे आणि अधूनमधून गाडी पेट्रोलवर चालवावी.

ठिणगीच्या बाबतीत झिजलेले किंवा काजळी धरलेले प्लग हे मुख्य कारण असते. जुन्या गाड्यांत पहाटेचे दव डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत व तारांवर बसते आणि वीज वाटेतच गळते. टोपी व तारा कोरड्या फडक्याने पुसल्या म्हणजे काम होते. प्लगची तार हातात धरून ठिणगी पाहण्याचा प्रयत्न मात्र करू नये. त्या तारेत हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि नव्या गाड्यांत अशा प्रयोगाने नाजूक विद्युत्-भागही जळतात.

डिझेल गाडी आणि ट्रॅक्टर

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पटींनी दाबली गेल्याने ती कित्येकशे अंशांपर्यंत तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन रेंगाळत फिरले, तर ही उष्णता थंड भिंतींत मुरते व हवाही रिंगांच्या कडेने निसटते. म्हणून दुर्बल बॅटरीचा फटका डिझेल गाडीला दुहेरी बसतो.

ज्या इंजिनांत ग्लो प्लग असतात, त्यांत किल्ली ‘ऑन’ केल्यावर वेटोळ्याच्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबावे. अत्यंत थंड पहाटे ही क्रिया दोनदा करावी. चारांपैकी एखादाच ग्लो प्लग जळालेला असल्यास गाडी थरथरत, पांढरा धूर सोडीत सुरू होते व थोड्या वेळाने सुरळीत चालते. हे लक्षण दिसताच प्लग तपासून घ्यावेत.

सेल्फ मारताना धुराकडेही पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोहोचत आहे पण पेटत नाही. तेव्हा उष्णता किंवा वेग यांची उणीव आहे. मुळीच धूर नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. मग टाकी, फिल्टर आणि नळीत शिरलेली हवा यांचा शोध घ्यावा. जुन्या जीपगाड्यांत व ट्रॅक्टरांत फिल्टरवरील हातपंप दाबून, हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल बाहेर येऊ द्यावे व स्क्रू आवळावा. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत मात्र उच्चदाबाच्या नळ्यांना हात लावू नये. तेथील दाब हजार बारहून अधिक असू शकतो आणि त्या धारेने त्वचा भेदली जाऊ शकते.

खोबरेल तेल थंडीत बाटलीत थिजते हे सर्वांच्या पाहण्यात आहे. डिझेलमधील मेणाचा अंशही तसाच थिजतो. प्रथम डिझेल गढूळ दिसते, मग मेणाचे कण फिल्टरात अडकून वाट बंद करतात. याच कारणाने भारतीय मानकात हिवाळी व उन्हाळी डिझेलसाठी वेगवेगळ्या मर्यादा आहेत. डिझेल फिल्टरातून जाणे ज्या तापमानाला थांबते, ते हिवाळी डिझेलच्या बाबतीत कमाल ६ अंश आणि उन्हाळी डिझेलच्या बाबतीत कमाल १८ अंश सेल्सिअस असावे असे मानक आहे. उन्हाळ्यात पिंपात भरून ठेवलेले डिझेल जानेवारीत ट्रॅक्टरला घातल्यास का त्रास होतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. किनाऱ्यावर टाकी भरून थेट हिमालयाच्या पायथ्यापलीकडे जाणाऱ्या मालमोटारींनाही हीच अडचण येते. त्यांनी चढण सुरू होण्यापूर्वी त्या भागातील डिझेल भरून घ्यावे. लडाखसारख्या प्रदेशासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल उपलब्ध करून दिले.

डिझेल थिजलेच, तर गाडी उन्हात घ्यावी, फिल्टरभोवती गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे आणि आवश्यक वाटल्यास फिल्टर बदलावा. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी आठवड्यातून एकदा काढून टाकण्याची सवय ठेवावी.

दुसऱ्या गाडीची मदत

बॅटरी उतरलीच असेल, तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेता येते. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच असाव्यात. अनेक मालमोटारी व बसगाड्या चोवीस व्होल्टवर चालतात, त्यांना मोटार जोडू नये. तार जोडण्याचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. लाल तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला व दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावे. काळ्या तारेचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. तिचे उरलेले टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटचे टोक जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ज्वालाग्राही असतो, हे या क्रमाचे कारण होय. मदत करणारी गाडी पाच मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा. गाडी सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात.

ढकलून सुरू करण्याची रीत हाताने गिअर बदलावयाच्या गाडीपुरतीच आहे. किल्ली ‘ऑन’ असावी, म्हणजे स्टिअरिंगचे कुलूप उघडे राहते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालून क्लच दाबून ठेवावा व वेग आल्यावर तो सोडावा. इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतात याचे भान ठेवून उतारावर, रहदारीत किंवा मुलांना पुढे उभे करून हा प्रयोग करू नये.

जे कदापि करू नये

डिझेलच्या टाकीखाली किंवा इंजिनाखाली शेकोटी पेटविण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक होय. टपकलेले तेल, रबरी नळ्या व तारांवरील आवरण क्षणात पेट घेतात. थिजण्यावर उपाय म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणेही चूक आहे. त्यामुळे इंधनपंपाला मिळणारे वंगण कमी होते व नव्या इंजिनातील महागडे भाग खराब होतात. थंडगार इंजिनावर उकळते पाणी ओतल्यास ओतीव भागास तडा जाऊ शकतो. हवेच्या वाटेने ईथर किंवा पेट्रोल फवारू नये. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात त्यामुळे स्फोट होऊ शकतो.

दार-खिडक्या बंद असलेल्या जागेत इंजिन चालू ठेवून गरम करणे हा तर प्राणाशी खेळ आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, वास नसतो. डोके जड झाल्याचे जाणवेपर्यंत माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर पोहोचलेला असतो. गाडी आधी उघड्यावर काढावी, मग इतर सर्व. बॅटरीजवळ विडी-काडी नेऊ नये. आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास पुष्कळ पाण्याने धुवावे व डॉक्टरांकडे जावे.

आदल्या संध्याकाळचे काम

थंडीच्या पहाटेची खरी तयारी आदल्या संध्याकाळी होते. दिवे, रेडिओ, पंखा बंद असल्याची खात्री करावी. गाडीचे तोंड भिंतीकडे करून ती वाऱ्याच्या आडोशाला उभी करावी. टाकी निदान निम्मी भरलेली असावी, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही. उबेसाठी उंदीर इंजिनात शिरतात व तारा कुरतडतात, म्हणून सकाळी बॉनेट उघडून एक नजर टाकावी. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीची बॅटरी पूर्ण भरत नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा निदान अर्धा तास सलग चालवावी. सुरू झाल्यावर इंजिन लगेच भरधाव करू नये. तेल सर्वत्र पोहोचण्यास अर्धा-एक मिनिट द्यावे व पहिले काही किलोमीटर सावकाश जावे.

कार्यालये, शाळा, आरोग्य केंद्रे व दूध संस्था यांच्या गाड्यांसाठी एक साधी नोंदवही ठेवावी. बॅटरी कधी घेतली, फिल्टर कधी बदलला, आम्लाची घनता किती भरली, अमुक दिवशी सकाळी सेल्फ किती वेळा मारावा लागला, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. काल एका प्रयत्नात सुरू होणारी गाडी आज तीन प्रयत्न मागू लागली, ही नोंद म्हणजे पुढच्या आठवड्यातील बिघाडाची पूर्वसूचनाच असते. दिवाळीनंतर लगेच बॅटरी व तेल तपासून घेण्याचा परिपाठ ठेवल्यास हिवाळा सहसा निर्विघ्न जातो. शिक्षकांनाही या विषयातून रसायन, उष्णता व वीज यांचे धडे प्रत्यक्ष उदाहरणाने शिकविता येतील. थिजलेले खोबरेल तेल आणि मुलांच्या रोजच्या पाहण्यातली गाडी हीच त्यांची प्रयोगशाळा होय.

गावातील एकुलत्या गाडीवर कोणाचे तरी प्राण अवलंबून असतात, आणि तो प्रसंग पूर्वसूचना देऊन येत नाही. आदल्या संध्याकाळची दहा मिनिटे आणि पहाटेचा अर्ध्या मिनिटाचा धीर एवढ्या भांडवलावर रुग्णाची वाट मोकळी राहू शकते.